एकच व्हिम, चार ठिकाणं: विंडोज, लिनक्स, मॅक आणि फोनवर एडिटरचं सेटिंग कसं सांभाळायचं?

कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज, घरच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू, कंपनीने दिलेलं मॅकबुक आणि बसमध्ये हातात अँड्रॉइड फोन. कोडिंग करणाऱ्या बऱ्याच जणांचं काम आज असं विखुरलेलं असतं. एडिटर मात्र सगळीकडे एकच हवा असतो, कारण बोटांना सवय एकाच एडिटरची लागते.

अडचण इथेच सुरू होते. लिनक्सवर मस्त चालणारी सेटिंगची फाइल विंडोजवर नेली की कधी कधी एडिटर ती वाचतच नाही. विंडोजवर तयार केलेली फाइल फोनवर आणली की उघडल्या उघडल्या एररची रांग लागते. मग लोक प्रत्येक मशीनवर वेगळी फाइल ठेवतात, आणि दोन महिन्यांत कुठे काय बदललं होतं तेच आठवत नाही.

या लेखात आपण व्हिम हा एडिटर घेऊन पाहू की एकाच फाइलमध्ये चारही ठिकाणांची सेटिंग्ज कशी ठेवायची, कुठे फरक करावाच लागतो आणि कुठे करू नये. मी रोज विंडोज लॅपटॉप, लिनक्स सर्व्हर आणि फोनवरचं टर्मक्स असं तीन ठिकाणी काम करतो आणि तिन्हीकडे एकच फाइल वापरतो.

एक सूचना: लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. व्हिममध्ये त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

## व्हिमच का?

बिल जॉय यांनी १९७६ मध्ये युनिक्ससाठी व्हीआय हा एडिटर लिहिला. त्याच धर्तीवर ब्राम मोलेनार यांनी अमिगा कॉम्प्युटरसाठी व्हिम तयार केला आणि १९९१ मध्ये तो लोकांसाठी खुला केला. २०२३ मध्ये मोलेनार यांचं निधन झालं. आता स्वयंसेवकांची टीम व्हिम सांभाळते.

आपल्या कामाचा मुद्दा असा की व्हिम फुकट आहे, कमी रॅमवर चालतो आणि विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सगळीकडे मिळतो. फोनवर टर्मक्स अॅप टाकून 'पीकेजी इन्स्टॉल व्हिम' म्हटलं की झालं. टर्मक्स एफ-ड्रॉइड किंवा गिटहबवरून घ्या. टर्मक्सची जोड-अॅप्सही त्याच ठिकाणाहून घ्यायची, नाहीतर दोन्हींची सही जुळत नाही आणि इन्स्टॉल होत नाही.

## पायरी १: व्हिम नेमकी कोणती फाइल वाचतो?

व्हिमच्या सेटिंगच्या फाइलला व्हिमआरसी म्हणतात. तिचं नाव आणि जागा ठिकाणानुसार बदलते:

- लिनक्स, मॅक, टर्मक्स, डब्ल्यूएसएल: होम फोल्डरमधली ~/.व्हिमआरसी. ती नसेल तर ~/.व्हिम फोल्डरमधली व्हिमआरसी, तिच्या नावाआधी टिंब नाही.
- विंडोज: सी ड्राइव्हवर यूझर्समध्ये तुमच्या नावाचा जो फोल्डर असतो, त्यातली _व्हिमआरसी. नावाआधी टिंबाऐवजी अंडरस्कोअर. किंवा त्याच जागी व्हिमफाइल्स फोल्डरमधली व्हिमआरसी.
- विंडोजवरचं गिट बॅश: यात स्वतःचा वेगळा व्हिम येतो आणि तो लिनक्ससारखी ~/.व्हिमआरसी वाचतो.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. एकाच विंडोज मशीनवर दोन व्हिम असू शकतात आणि ते दोन वेगळ्या फाइली वाचू शकतात. "मी सेटिंग बदललं पण काहीच होत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

खात्री करण्यासाठी व्हिम उघडून टाइप करा:

:एको $मायव्हिमआरसी

डॉलरनंतरची सगळी अक्षरं मोठी. वाचलेल्या फाइलचा पत्ता खाली दिसेल. काहीच दिसलं नाही तर कोणतीही वैयक्तिक फाइल वाचलेली नाही. ':व्हर्जन' टाइप केलं तर हा व्हिम कुठे कुठे शोधतो त्याची यादी मिळते.

इथली एक गोम: व्हिम ८ पासून, तुमची फाइल नसेल तर व्हिम स्वतःची 'डिफॉल्ट्स' फाइल लोड करतो. त्यात रंग आणि बॅकस्पेसचं नीट वागणं वगैरे असतं. तुम्ही स्वतःची फाइल बनवली, अगदी रिकामी जरी, की ते लोड होणं थांबतं. म्हणून आपल्या फाइलच्या सुरुवातीला ही ओळ ठेवा:

सोर्स $व्हिमरनटाइम/डिफॉल्ट्स.व्हिम

(डॉलरनंतरचा पहिला शब्द मोठ्या अक्षरांत.)

## पायरी २: फाइलचे तीन भाग करा

१. सामाईक भाग. सगळीकडे सारखंच हवं ते: टॅबची रुंदी, शोधताना लहान-मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष, शॉर्टकट. माझ्या फाइलचा मोठा हिस्सा हाच आहे आणि तुमचाही तसाच असायला हवा.

२. फरकाचा भाग. मशीनप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी, 'इफ' आणि 'एंडइफ' यांच्या आत.

३. स्थानिक भाग. फक्त या एका मशीनपुरतं जे आहे, ते वेगळ्या छोट्या फाइलमध्ये. ती फाइल असेल तरच वाचायची:

इफ फाइलरीडेबल(एक्सपांड('~/.व्हिमआरसी_लोकल'))
  सोर्स ~/.व्हिमआरसी_लोकल
एंडइफ

सामाईक भाग 'इफ'च्या बाहेर ठेवण्याचं अजून एक कारण आहे. उबुंटूमध्ये आधीपासून येतो तो बहुतेक वेळा 'व्हिम-टायनी', म्हणजे काटछाट केलेला व्हिम. त्याला अटी तपासताच येत नाहीत. 'इफ' ते 'एंडइफ' मधलं सगळं तो सरळ सोडून देतो, एररसुद्धा देत नाही. बाहेरचं मात्र वाचतो.

## पायरी ३: आपण कुठे आहोत हे ओळखणं

व्हिममध्ये 'हॅज' नावाचं फंक्शन आहे. त्याला विचारायचं, हे तुझ्यात आहे का? उत्तर १ किंवा ०.

- हॅज('विन३२'): विंडोजचा व्हिम. नावात ३२ असलं तरी ६४ बिटवरही उत्तर १ येतं.
- हॅज('मॅक'): मॅक.
- हॅज('युनिक्स'): लिनक्स. पण मॅक, टर्मक्स, डब्ल्यूएसएल आणि गिट बॅशच्या व्हिममध्येही १.
- हॅज('विन३२युनिक्स'): गिट बॅश किंवा सिग्विनमधला व्हिम.

म्हणजे 'युनिक्स' आधी तपासलं तर मॅक आणि फोन दोन्ही लिनक्स म्हणून धरले जातात. आधी नेमके प्रश्न विचारायचे आणि ढोबळ प्रश्न शेवटी.

टर्मक्स आणि डब्ल्यूएसएल ओळखायला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सोपे पडतात:

- टर्मक्स: एक्झिस्ट्स('$टर्मक्स_व्हर्जन')
- डब्ल्यूएसएल: एक्झिस्ट्स('$डब्ल्यूएसएल_डिस्ट्रो_नेम')

दोन्हीकडे डॉलरनंतरची अक्षरं मोठी आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर.

## सगळ्यात महत्त्वाचं: मशीनचं नाव नको, सोय विचारा

ओळखता येतं म्हटल्यावर पहिला मोह होतो तो चार मोठे कप्पे करण्याचा: विंडोज असेल तर हे वीस, लिनक्स असेल तर ते वीस. सुरुवातीला छान वाटतं. मग एक दिवस गिट बॅश येतं, जे विंडोज असून स्वतःला युनिक्स म्हणवतं. नंतर टर्मक्स येतं, जे लिनक्ससारखं दिसतं पण ज्यात लिनक्सचे नेहमीचे फोल्डर नेहमीच्या जागी नसतात. पुढे सर्व्हर येतो, जो पक्का लिनक्स आहे पण त्याला स्क्रीन नाही, म्हणून क्लिपबोर्डही नाही. प्रत्येक वेळी नवा कप्पा करायचा आणि जुन्यातलं अर्धं कॉपी करायचं.

त्याऐवजी प्रत्येक सेटिंगला स्वतःची अट द्या. क्लिपबोर्ड हवा आहे? मग क्लिपबोर्ड आहे का ते विचारा. ओळ क्रमांक दाखवायचे आहेत? स्क्रीन पुरेशी रुंद आहे का ते विचारा. एखादा प्रोग्रॅम वापरायचा आहे? 'एक्झिक्युटेबल' फंक्शनने तो इथे आहे का ते पाहा. असं लिहिलेली फाइल तुम्ही कधीच न पाहिलेल्या मशीनवरही बहुतेक वेळा नीट चालते. मशीनचं नाव विचारायचं ते जिथे फरक खरोखर त्या सिस्टमचाच आहे तिथेच.

आता नेहमी त्रास देणारे सहा मुद्दे एकेक करून.

### १. क्लिपबोर्ड

व्हिममध्ये कॉपी केलेलं ब्राउझरमध्ये पेस्ट होत नाही, ही नवशिक्यांची पहिली तक्रार. व्हिम कॉपी स्वतःच्या रजिस्टरमध्ये ठेवतो. सिस्टमच्या क्लिपबोर्डशी ते जोडावं लागतं.

विंडोज आणि मॅकवर '*' आणि '+' ही दोन्ही रजिस्टर एकाच क्लिपबोर्डकडे जातात. लिनक्सच्या एक्स११ मध्ये ती वेगळी आहेत. '*' म्हणजे माउसने निवडलेला मजकूर, '+' म्हणजे कंट्रोल-सीवाला नेहमीचा क्लिपबोर्ड. म्हणून:

इफ हॅज('अननेम्डप्लस')
  सेट क्लिपबोर्ड=अननेम्डप्लस
एल्सइफ हॅज('क्लिपबोर्ड')
  सेट क्लिपबोर्ड=अननेम्ड
एंडइफ

बघा, इथे विंडोज किंवा लिनक्स हा शब्दच आलेला नाही.

उबुंटू किंवा डेबियनवर दोन्हींचं उत्तर ० आलं तर तुमच्या व्हिममध्ये क्लिपबोर्डची सोय घातलेलीच नाही. 'व्हिम-जीटीके३' हे पॅकेज टाका, त्यात ती असते.

बाकी ठिकाणी बाहेरच्या प्रोग्रॅमची मदत घ्यायची. ओळी निवडून पुढची कमांड दिली की मजकूर सिस्टमच्या क्लिपबोर्डवर जातो:

- मॅक: :डब्ल्यू !पीबीकॉपी
- टर्मक्स: :डब्ल्यू !टर्मक्स-क्लिपबोर्ड-सेट. यासाठी 'टर्मक्स-एपीआय' पॅकेज आणि टर्मक्स:एपीआय हे अॅप, दोन्ही लागतात. फक्त पॅकेज टाकलं तर कमांड नुसतीच अडकून बसते.
- डब्ल्यूएसएल: :डब्ल्यू !क्लिप.एक्सई

(पहिला 'डब्ल्यू' म्हणजे फक्त ते एक अक्षर.)

मराठी लिहिणाऱ्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये एक काळजी घ्यायची. क्लिप.एक्सईला देवनागरी मजकूर थेट दिला की पेस्ट केल्यावर चित्रविचित्र चिन्हं येतात, कारण तो यूटीएफ-८ धरत नाही. आधी 'आयकॉन्व्ह'ने मजकूर यूटीएफ-१६एलई करून मग पाइपने पुढे द्या.

### २. ओळीचा शेवट

हा मुद्दा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळ्यात जास्त वेळ खातो.

युनिक्समध्ये ओळ संपली की एकच अदृश्य अक्षर असतं, लाइन फीड. विंडोजमध्ये दोन असतात: कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. जुन्या टेलिटाइप यंत्रात छापणारा भाग डावीकडे आणायला एक आणि कागद वर सरकवायला दुसरं असे दोन वेगळे सिग्नल लागायचे, त्याचा हा वारसा. विंडोजच्या नोटपॅडला फक्त लाइन फीडवाल्या फाइली नीट दाखवता यायला २०१८ साल उजाडलं.

परिणाम काय होतो? विंडोजवर लिहिलेली बॅश स्क्रिप्ट सर्व्हरवर किंवा टर्मक्समध्ये चालवली की 'बॅड इंटरप्रिटर' असा एरर येतो आणि शेवटी '^एम' दिसतं. कोड शंभर टक्के बरोबर असतो, फक्त ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर चिकटलेलं असतं. सबमिशनच्या आदल्या रात्री हे झालं तर माणूस लॉजिक तपासत बसतो.

व्हिमआरसीचंही तेच. विंडोजचा व्हिम दोन्ही प्रकारची फाइल वाचतो. लिनक्स, मॅक आणि टर्मक्सचा व्हिम मात्र विंडोज प्रकारच्या फाइलवर ई४९२ हा एरर देतो. म्हणून आपली फाइल कायम युनिक्स प्रकारात ठेवायची:

- उघडलेली फाइल कोणत्या प्रकारची आहे: :सेट एफएफ?
- बदलायची असेल तर: :सेट एफएफ=युनिक्स, मग सेव्ह.
- नवी फाइल नेहमी युनिक्स प्रकारची व्हावी म्हणून सामाईक भागात: सेट फाइलफॉरमॅट्स=युनिक्स,डॉस

शेवटच्या ओळीत क्रम महत्त्वाचा आहे. पहिला प्रकार नव्या फाइलसाठी वापरला जातो. विंडोजवर हा क्रम मुळात उलटा असतो. विंडोजच्या बॅच फाइली मात्र त्यांच्याच प्रकारात असू द्या, नाहीतर त्या बिनसू शकतात.

### ३. एन्कोडिंग आणि मराठी

विंडोजवरच्या जुन्या व्हिममध्ये मराठी फाइल उघडली की अक्षरांऐवजी कचरा किंवा प्रश्नचिन्हं दिसतात, कारण तो सिस्टमचं जुनं कोडपेज वापरायचा. नव्या आवृत्त्यांत मूळ सेटिंगच यूटीएफ-८ आहे. लॅबमध्ये कोणती आवृत्ती असेल सांगता येत नाही, म्हणून फाइलच्या अगदी वरच्या ओळींत लिहून टाका:

सेट एन्कोडिंग=यूटीएफ-८

याला अट घालायची गरज नाही, सगळीकडे हेच हवं.

अक्षरं बरोबर येऊनही जोडाक्षरं तुटक किंवा एकमेकांवर चढलेली दिसत असतील, तर तो बहुधा टर्मिनलचा भाग आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकोन देतं आणि देवनागरीची जोडाक्षरं त्या चौकटीत नीट बसत नाहीत. फाइलमधला मजकूर बिघडलेला नसतो. दुसऱ्या अॅपमध्ये उघडून खात्री करा, उगाच "दुरुस्त" करायला जाऊ नका.

### ४. फॉन्ट आणि रंग

वेगळ्या खिडकीत चालणाऱ्या जीव्हिममध्ये फॉन्टचं नाव लिहायची पद्धतच वेगळी आहे. विंडोजवर 'कन्सोलास:एच११' असं कोलन आणि एच लावून. लिनक्सच्या जीटीकेमध्ये 'मोनोस्पेस\ ११' असं मोकळी जागा सोडून. त्यामुळे इथे अट हवीच: हॅज('जीयूआय_विन३२') आणि हॅज('जीयूआय_जीटीके'). टर्मिनलमधल्या व्हिमचा फॉन्ट टर्मिनलच ठरवतं, तिथे हे सेटिंग लागू होत नाही.

रंगांसाठी 'टर्मगुईकलर्स' सरसकट लावू नका. जे टर्मिनल पूर्ण रंग दाखवत नाही तिथे स्क्रीन विचित्र दिसते. एन्व्हायर्नमेंटमधलं $कलरटर्म (मोठी अक्षरं) 'ट्रूकलर' असेल तरच ते चालू करा. टर्मक्समध्ये ते असतं.

### ५. तात्पुरत्या फाइली आणि अनडू

इंटरनेटवरच्या अनेक तयार व्हिमआरसींमध्ये स्वॅप फाइली /टीएमपी मध्ये ठेवलेल्या दिसतात. विंडोजवर असा फोल्डर नसतो आणि टर्मक्सचा तात्पुरता फोल्डर त्याच्या स्वतःच्या जागेत असतो. पत्ता होम फोल्डरपासून द्या, तो सगळीकडे चालतो:

कॉल एमकेडीआयआर(एक्सपांड('~/.व्हिमअनडू'), 'पी')
सेट अनडूडिर=~/.व्हिमअनडू
सेट अनडूफाइल

याने फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तरी अनडू करता येतं. एक सावधगिरी: अनडूच्या फाइलमध्ये तुम्ही खोडलेला मजकूरही राहतो. लॅबच्या सामाईक कॉम्प्युटरवर हे बंदच ठेवा. त्यासाठीच आपला स्थानिक भाग आहे.

### ६. फोनची स्क्रीन आणि कीबोर्ड

उभ्या फोनवर एका ओळीत लॅपटॉपच्या मानाने फारच कमी अक्षरं मावतात. त्यात ओळ क्रमांकांनी चार-पाच रकाने खाल्ले तर कोड वाचायला उरतं काय? पण "टर्मक्स असेल तर क्रमांक बंद" असंही लिहू नका. फोन आडवा केला किंवा ब्लूटूथ कीबोर्ड लावून टॅबलेटवर बसलात तर क्रमांक हवेच असतात. म्हणून रुंदी विचारा:

ऑटोसीएमडी व्हिमएंटर,व्हिमरिसाइज्ड * लेट &नंबर = (&कॉलम्स >= ८०)

फोन आडवा केला की क्रमांक येतात, उभा केला की जातात. हीच ओळ लॅपटॉपवर अर्धी स्क्रीन वापरतानाही उपयोगी पडते. लांब ओळी शब्दाच्या मध्येच तुटू नयेत म्हणून 'सेट लाइनब्रेक' सामाईक भागात ठेवा.

एस्केप बटण हा फोनवरचा दुसरा प्रश्न. यावर तीन उपाय आहेत, हवा तो घ्या:

- टर्मक्सच्या कीबोर्डवरच्या जादा पट्टीत एस्केप असतं. पट्टी दिसत नसेल तर आवाज वाढवायचं बटण दाबून क्यू दाबा. तेच बटण आणि ई म्हणजे एस्केप. आवाज कमी करायचं बटण म्हणजे कंट्रोल.
- ~/.टर्मक्स/टर्मक्स.प्रॉपर्टीज या फाइलमध्ये 'बॅक-की=एस्केप' लिहा आणि 'टर्मक्स-रिलोड-सेटिंग्ज' चालवा. फोनचं बॅक बटण एस्केप होतं.
- व्हिमआरसीत 'इनोरीमॅप जेके <एस्केप>' असं लिहा, म्हणजे जे आणि के ही दोन अक्षरं पटकन दाबली की एस्केप. (इनोरीमॅप म्हणजे 'आय' हे अक्षर आणि त्याला जोडून 'नोरीमॅप', एस्केपसाठी कोनी कंसात ई, एस, सी.) हे सगळीकडे चालतं, म्हणून मी हेच वापरतो.

विंडोजवर उलटा त्रास होतो. तिथे कंट्रोल-व्ही दाबलं की बऱ्याचदा पेस्ट होतं आणि व्हिमची उभी निवड सुरू होत नाही. अशा वेळी कंट्रोल-क्यू वापरा.

## फाइल सगळीकडे पोचवायची कशी?

गिटवर एक रिपॉझिटरी करा, नाव समजा 'डॉटफाइल्स', आणि व्हिमआरसी तिच्यात ठेवा. प्रत्येक मशीनवर ती होम फोल्डरमध्ये क्लोन करा. मग त्या मशीनच्या खऱ्या व्हिमआरसीत एकच ओळ:

सोर्स ~/डॉटफाइल्स/व्हिमआरसी

पुष्कळ ठिकाणी सिमलिंक करायला सांगतात. लिनक्स आणि मॅकवर ते ठीक आहे. विंडोजवर मात्र त्यासाठी अॅडमिन परवानगी किंवा डेव्हलपर मोड लागतो आणि लॅबमध्ये दोन्ही मिळत नाहीत. फोनच्या सामाईक स्टोरेजमध्ये तर सिमलिंक चालतच नाही. एका ओळीची पद्धत चारही ठिकाणी चालते.

तीन गोष्टी विसरू नका:

- विंडोजवर गिट बरेचदा फाइली उतरवताना ओळींचा शेवट विंडोज प्रकारचा करतं. रिपॉझिटरीत .गिटअॅट्रिब्यूट्स फाइल ठेवून 'व्हिमआरसी टेक्स्ट ईओएल=एलएफ' लिहा.
- टोकन, पासवर्ड, कॉलेजच्या प्रॉक्सीची माहिती रिपॉझिटरीत टाकू नका. ती स्थानिक फाइलमध्ये, आणि ती फाइल गिटच्या बाहेर.
- टर्मक्स अनइन्स्टॉल केलं की त्याचा होम फोल्डर आणि त्यातलं सगळं काम कायमचं जातं. रीसायकल बिन वगैरे काही नसतं. फोनवरच शिकत असाल तर रोजचं काम गिटवर पुश करणं हाच तुमचा बॅकअप.

लॅबमध्ये काहीच बदलायची परवानगी नसेल तर फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा आणि व्हिम सुरू करताना '-यू' लावून तिचा पत्ता द्या. तेवढ्यापुरती तीच फाइल वापरली जाते.

## बिघडलं तर काय तपासायचं?

- :स्क्रिप्टनेम्स: आत्ता कोणकोणत्या फाइली वाचल्या गेल्या, क्रमाने.
- :व्हर्बोज सेट टॅबस्टॉप?: ही किंमत शेवटी कोणत्या फाइलने बदलली. टॅबस्टॉपच्या जागी कोणतंही सेटिंग चालतं.
- व्हिम --क्लीन: तुमची फाइल आणि प्लगइन न वाचता सुरू होतो. इथेही त्रास असेल तर दोष तुमच्या फाइलचा नाही.
- व्हिम --स्टार्टअपटाइम लॉग.टीएक्सटी: सुरू व्हायला वेळ कुठे जातो ते त्या फाइलमध्ये लिहून मिळतं. जुन्या फोनवर फार कामाचं.

## मशीनचं काय आणि प्रोजेक्टचं काय?

चार जण मिळून प्रोजेक्ट करत असाल तर टॅब किती जागांचा आणि ओळीचा शेवट कसा, हे प्रोजेक्टचं ठरलेलं असायला हवं. ते कुणा एकाच्या मशीनवर अवलंबून राहायला नको. त्यासाठी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये .एडिटरकॉन्फिग नावाची फाइल ठेवतात. निओव्हिम ०.९ पासून ती आपोआप वाचतो, नव्या व्हिममध्ये 'पॅकअॅड एडिटरकॉन्फिग' लिहावं लागतं आणि व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शन लागतं. क्लिपबोर्ड, फॉन्ट आणि स्क्रीनची रुंदी हे मात्र मशीनचं, ते व्हिमआरसीत.

व्हीएस कोड वापरत असाल तर: त्याचं सेटिंग्ज सिंक हे बरंचसं स्वतः करतं. कीबोर्ड शॉर्टकट ते मुळातच प्रत्येक सिस्टमसाठी वेगळे ठेवतं आणि फक्त एका मशीनपुरती असलेली सेटिंग्ज सिंक करत नाही. टर्मिनलसारख्या सेटिंगला विंडोज, लिनक्स आणि मॅकसाठी तीन वेगळी नावं दिलेली आहेत.

निओव्हिम वापरत असाल तर: फाइल लिनक्स, मॅक आणि टर्मक्सवर ~/.कॉन्फिग/एनव्हिम फोल्डरमध्ये आणि विंडोजवर अॅपडेटा, लोकल, एनव्हिम या फोल्डरमध्ये असते. अटी तपासायची पद्धत वर दिली तीच.

## आज सुरुवात कुठून करायची?

सगळं एकदम करू नका. आज फक्त चार गोष्टींची फाइल बनवा: डिफॉल्ट्स लोड करणारी, यूटीएफ-८ ची, फाइलफॉरमॅट्सची आणि शेवटी स्थानिक फाइल वाचणारी अट. ती गिटवर टाका आणि दोन मशीनवर उघडून पाहा. दोन्हीकडे एरर न येता उघडली की मग क्लिपबोर्डची अट घाला, नंतर रुंदीची. दर वेळी एकच बदल करायचा आणि तो दुसऱ्या मशीनवर तपासूनच पुढे जायचं. महिनाभरात फाइल तुमच्या सवयीप्रमाणे तयार होते, आणि नवीन मशीन हातात आलं की क्लोन करून एक ओळ लिहिली की काम सुरू.